साक्रीला चोपड्यावरून

सुरवाडे सरांनी सकाळी सहाला, चूळ भरायच्याही आधी, मोबाइल हातात घेतला, डोळे मिटले आणि मनात प्रश्न धरला: नाश्त्याला पोहे सांगावेत की उपमा? पडद्यावर चौकोनी भोकाची तीन चिनी नाणी गरगर फिरली आणि पडली. असं सहा वेळा झालं. सहा आडव्या रेघा एकीवर एक चढल्या आणि खाली मराठी उमटलं, 'ज्ञानी पुरुष ताटाशी वाद घालत नाही.'

सर समाधानाने स्वयंपाकघरात गेले. तिथे मंदाबाईंनी कालच्या भाकरी कुस्करून फोडणीला टाकल्याही होत्या.

"बघ, हेच आलं होतं," सर म्हणाले.

"भाकरी उरल्या हे चीनला कळलं का?" मंदाबाईंनी विचारलं आणि ताट पुढे सरकवलं.

युवराज सुरवाडे म्हणजे पिंप्राळ्यातलं बुद्धिवादाचं जागृत ठाणं. जळगावातल्या एका शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं. स्वतःचं लग्न त्यांनी मुद्दाम शोधून अमावास्येला लावलं होतं. शेजाऱ्याने नव्या स्कूटरला लिंबू-मिरची बांधली, तर त्या लिंबाचं सरबत करून सरांनी त्याच शेजाऱ्याला पाजलं होतं. गावोगाव जयंतीच्या कार्यक्रमात ते पंचांगाची अशी काही चिरफाड करत, की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना आपली लग्नं मुहूर्तावर लागली याची शरम वाटे. तेव्हा अशा माणसासमोर 'शकुन' हा शब्द काढायची सोय नव्हती.

"हा शकुन नाही, मंदा. हे आत्मचिंतन आहे," सर समजावून सांगत. "प्रश्न माझा, उत्तरही माझंच. नाणी फक्त मध्ये उभी राहतात."

"मग मधला दलाल काढून टाका ना. भाव बरा मिळतो."

हे ॲप त्यांना दाखवलं होतं चित्रकलेच्या हाशम सरांनी. हाशम सरांनी ते रेघांसाठी घेतलं होतं. सहा रेघांतून चौसष्ट नक्ष्या होतात याचं त्यांना कौतुक वाटलं, चार नक्ष्या त्यांनी रांगोळीच्या स्पर्धेसाठी उतरवून घेतल्या आणि तिसऱ्या दिवशी ॲप काढूनही टाकलं. सुरवाडे सरांना मात्र त्याची चटक लागली. तीस वर्षं ते मुलांना ठामपणे सांगत आले होते की पाणी शंभर अंशांना उकळतं. पण घरी चहात साखर एक चमचा घालावी की दीड, याचा त्यांचा निर्णय कधी होत नसे. आता कुणीतरी निर्णय द्यायला मिळालं होतं, तेही इतक्या लांबचं, की गावात कुणी ओळखणार नाही.

एप्रिलच्या शेवटी शाळेत बैठक होती. त्या सकाळी नाणी म्हणाली, 'आज मौन हेच धन.' सरांनी मौन धरलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, "सुट्टीत थांबून प्रयोगशाळेची आवराआवर करायला कुणाची हरकत आहे का?" सगळ्या शिक्षकांची एकदमच हरकत निघाली. कुणाची भाची लग्नाची होती, कुणाची कंबर धरली होती. सुरवाडे सर तेवढे गप्प होते. मे महिन्याचे पंधरा दिवस त्यांनी एकट्याने फुटक्या परीक्षानळ्या वेगळ्या काढल्या. पण त्यांची श्रद्धा ढळली नाही. श्रद्धा हा शब्द अर्थात त्यांना चालला नसता.

इथवर हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग सपनाचं स्थळ आलं.

सपना ही सरांची एकुलती एक लेक. रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. धुळ्याच्या एका रक्तदान शिबिरात तिची साक्रीच्या प्रशील बैसाणेशी ओळख झाली. मुलगा कृषी सहायक, बोलायला मऊ. दोघांनी आपापसात काय ठरवायचं ते ठरवलं आणि मग रीतसर आईबापांना सांगितलं. मुलाकडचे येऊन मुलगी पाहून गेले. सगळं पसंत पडलं. आता मुलीच्या आईबापाने आणि मामाने साक्रीला जाऊन घर पाहायचं आणि शब्द द्यायचा, एवढंच उरलं होतं.

अडचण मुलाच्या वडिलांची होती. चिंधा आबा बैसाणे एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं शिट्टी आणि घड्याळ यांच्यावर जगलेला माणूस. मोठ्या मुलाच्या वेळी एका स्थळाची मंडळी वीस मिनिटं उशिरा आली, तर आबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं. आता त्यांचा निरोप आला होता, "रविवारी या. घर पाहा. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. राग नाही. पण 'बघू' म्हणायचं असेल, तर दुसरं एक स्थळ थांबलेलं आहे."

सपनाने वडिलांसमोर बसून सांगितलं, "पप्पा, मला काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही काहीही म्हणा. पण म्हणा."

सरांनी मान हलवली आणि गच्चीवर जाऊन नाणी टाकली. उत्तर आलं, 'मोठे पाणी पार करावे. पैलतीरी शुभ आहे. कोरड्या पायाने मिळालेले टिकत नाही.'

आता साक्रीला जायचं म्हणजे बांभोरीच्या पुलावरून गिरणा ओलांडायची आणि सरळ धुळ्याचा रस्ता धरायचा. नदी तर वाटेतच होती. पण मे महिन्याच्या अखेरीस गिरणेत पाणी कुठलं? पुलाखाली वाळू, खड्डे आणि दोन गाढवं. सरांनी हाशम सरांना फोन लावला.

"सर, पाणी नसेल तर नदी मोठी धरायची की नाही?"

"कुठल्या परीक्षेत आलाय प्रश्न?" हाशम सरांनी विचारलं.

त्यानंतर आठ दिवस सर दहावीच्या भूगोलाचं पुस्तक उघडून बसले. तापीखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली. चोपड्यापाशी एक टिंब काढलं, शिरपूरपाशी दुसरं. कुणी आलं की पुस्तक मिटत. मंदाबाई शेजारी बसून कैऱ्या चिरत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही.

एक गोष्ट सरांनी नाण्यांनाही विचारली नव्हती. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी सपनाच्या स्कूटीचा हॉर्न वाजे आणि सर हातातलं काम टाकून फाटक उघडायला जात. तिला उतरावं लागू नये म्हणून. आठ वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. साक्री तीन तासांवर होती, आणि तिथला हॉर्न पिंप्राळ्यात ऐकू येणार नव्हता. सरांना लेक द्यायची नव्हती आणि तिला नाहीही म्हणायचं नव्हतं. दुखणं एवढंच होतं. ॲपमध्ये 'आपला खरा प्रश्न येथे लिहा' असा एक चौकोन होता. तो सरांनी कायम कोराच ठेवला.

रविवारी सकाळी सातला मंदाबाईंचा भाऊ पितांबर आपली गाडी घेऊन आला. मंदाबाईंनी एका पिशवीत लोणच्याची भली मोठी बरणी घेतली होती.

"अकराची वेळ दिली आहे," मंदाबाई म्हणाल्या. "मुलाच्या आईशी मीच बोलले."

"चार तास आहेत. भरपूर झाले," सर म्हणाले आणि गाडी चौकात येताच त्यांनी पितांबरला उलटीकडे हात दाखवला.

"दाजी, धुयं तिकडे शे," पितांबर म्हणाला. "इकडे कथा जाई राह्यनात?"

"विदगावच्या पुलावरून घ्या. चोपडा, शिरपूर, धुळे, साक्री."

पितांबरने गाडी उभी केली आणि आधी दाजींकडे, मग बहिणीकडे पाहिलं. "बाई, साठ-सत्तर किलोमीटरना फेरा शे हाऊ."

"त्या बाजूला रस्ता चांगला आहे," सर म्हणाले. विज्ञानाच्या माणसाला खोटं बोलताना त्रास होतो. त्यांचे कान लाल झाले.

"सांगतात तसं घे," मंदाबाई शांतपणे म्हणाल्या.

विदगावच्या पुलावर तापीत पाणी होतं. चांगलं रुंद, हिरवट, खरंखुरं पाणी. सरांनी काच खाली करून ते डोळे भरून पाहिलं आणि त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. पैलतीराला लागल्यावर त्यांनी खिशातून मोबाइल काढून लगेच विचारलं, 'आता?' नाणी म्हणाली, 'आप्तांच्या दारावरून पाठ फिरवू नये.'

आता चोपड्याला मंदाबाईंची थोरली बहीण राहत होती. सर ते वाक्य कुणाला न सांगता खिशात घालणार होते, तेवढ्यात मंदाबाई म्हणाल्या, "अक्काच्या दारावरून जायचं आणि उतरायचं नाही, हे बरं दिसेल का?" सरांच्या अंगावर काटा आला. ॲप आणि बायको एकमताने बोलण्याची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ होती.

"दहा मिनिटं," ते म्हणाले. "चहा तेवढा."

अक्काच्या अंगणात चुलीवर खापर तापलेलं होतं. पुरणाचं पातेलं भरलेलं होतं, आमरस माठात गार होत होता. अक्का हातावर मांडा फिरवत होती आणि प्रत्येक फेऱ्याला तो वाढत जाऊन कोपरापर्यंत पोहोचत होता. अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी एवढी तयारी कशी, हा प्रश्न शास्त्रीय बुद्धीच्या माणसाला पडायला हवा होता. पण सर त्या वेळी चार्जिंगची जागा शोधत होते. नाणी फिरवून फिरवून बॅटरी खाली आली होती.

"दाजी, जेव्याबिगर कथा जातस?" अक्का म्हणाली.

मांडे काही दहा मिनिटांत होत नाहीत. एक भाजायचा, तो निघेपर्यंत दुसरा फिरवायचा. पितांबरने चार खाल्ले. सरांनी घड्याळ पाहत दोन खाल्ले, त्यावर दोन वाट्या रस आग्रहाचा झाला. लोणच्याची बरणी साक्रीला जाणार असं सरांना वाटत होतं. ती अक्काच्या फडताळात गेली. अकरा वाजले. साडेअकरा झाले.

"मंदा, तिकडे आबा घड्याळ घेऊन उभे असतील."

"असतील. तुम्ही गाडीत बसा. सामान मी घेते."

निघायला साडेबारा झाले. आमरसाच्या गुंगीत सरांना शिरपूर येईपर्यंत डुलकी लागली. जागे झाले तेव्हा गाडी एका लांबच लांब पुलावर होती आणि खाली पुन्हा पाणी.

"ही कोणती हो नदी?" मंदाबाईंनी विचारलं.

"तापी."

"सकाळचीच?"

"तीच."

मंदाबाईंनी मागे वळून सुटलेला काठ पाहिला. "मग आपण परत आपल्याच काठाला आलो ना?"

आठ दिवस नकाशा पाहून ही गोष्ट सरांच्या ध्यानात आली नव्हती. जळगाव तापीच्या दक्षिणेला, साक्रीही तापीच्या दक्षिणेला. तापी एकदा ओलांडून साक्रीला पोहोचायचा मार्ग पृथ्वीवर नव्हता. मोठं पाणी त्यांनी पार केलं होतं आणि ते परतही करून टाकलं होतं. सगळा हिशेब शून्यावर आला होता, वर पेट्रोल जळलं ते वेगळं. त्यांनी खिशात हात घातला. खिसा रिकामा होता.

मंदाबाईंच्या फोनवरून अक्काला फोन लागला. "हा दाजी, तुमना फोन आठेच शे," अक्का म्हणाली. "उशीखाले सापडना. काळजी नका करू, बठ्ठं नीट शे."

"गाडी वळव," सर म्हणाले.

"दाजी, वळी जासू," पितांबर म्हणाला. "पण तापी तिसऱ्यांदा व्हई."

"आणि येताना चौथ्यांदा," मंदाबाईंनी भर घातली.

सर मागे टेकून बसले. धुळं गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसती उन्हाने पांढरी पडलेली शेतं. आबांनी चहा पाजून परत पाठवलेली ती मंडळी सरांच्या डोळ्यांपुढे आली. सपनाचा चेहरा आला. एका रेघोट्यांच्या खेळापायी आपण पोरीचं जमलेलं लग्न मोडलं, असं त्यांना वाटलं आणि खरंच रडू आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"धूळ आहे," ते म्हणाले.

"आहेच," मंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

साक्रीत बैसाण्यांच्या फाटकाशी गाडी थांबली, तेव्हा चिंधा आबा ओट्यावर उभे होते. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, डाव्या मनगटावर मोठं घड्याळ. आबांनी हात वर करून घड्याळ पाहिलं. सर खाली उतरले, हात जोडले आणि वाटेत पाठ केलेलं वाक्य म्हणू लागले, "जय भीम आबा. आमच्याकडून फार मोठी चूक..."

"जय भीम," आबा म्हणाले. "तीन अठ्ठावन. चारनी वेळ देल व्हती. दोन मिनिटं आगेच उनात. अशा पाहुणा माले आवडतस."

सरांनी मंदाबाईंकडे पाहिलं. मंदाबाई मुलाच्या आईबरोबर आत गेलेल्या होत्या.

घर पाहून झालं. तीन खोल्या, मागे मोरी, परसात शेवग्याचं झाड. प्रशीलने पाणी आणून दिलं आणि कोपऱ्यात उभा राहिला. मग ताटं आली. ताटात मांडे होते आणि वाटीत आमरस. पितांबरने बहिणीकडे केविलवाणं पाहिलं आणि घास घेतला. ताटं उचलल्यावर आबा समोर येऊन बसले.

"मंग सर? काय ठरायं?"

सरांचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि तिथून रिकामा परत आला. त्यांच्या जिभेवर 'बघू' हा शब्द येऊन बसला होता. आयुष्यभर तोच तिथे बसलेला असे. त्यांनी घसा साफ केला.

तेवढ्यात गल्लीतून एका स्कूटीचा हॉर्न वाजला. दोनदा, आखूड.

आणि चिंधा आबा, ज्यांनी छत्तीस वर्षं कुणासाठी एक गाडीही खोळंबू दिली नाही, ते उत्तराची वाट न पाहता उठले. चपला न घालता तापलेल्या अंगणातून भराभर गेले आणि फाटक उघडून बाजूला उभे राहिले. एक बाई स्कूटीवरून न उतरता आत आली. मोठी सून शिल्पा, दवाखान्यातून ड्युटी संपवून.

आबा परत येऊन बसले. तळपाय एकमेकांवर घासत म्हणाले, "सूनबाई शे. फाटक जड शे, तिले उतरनं पडस." मग थोडं ओशाळून, "हां, तं काय म्हनी राह्यंतात तुम्ही?"

सर त्या फाटकाकडे पाहत होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि या वेळी धुळीचं नाव घेतलं नाही.

"हो म्हणत होतो," ते म्हणाले. "आमचं हो आहे."

परतताना पितांबरने सरळ रस्ता धरला. सपनाला फोन झाला. ती फोनवर नुसतं नाक ओढत राहिली, आणि सरही बराच वेळ नुसतेच "हं, हं" करत राहिले. मग फोन मंदाबाईंकडे देऊन त्यांनी विचारलं, "चारची वेळ कधी दिलीस?"

"आठ दिवस झाले. तुम्ही शिरपूरला टिंब काढलं, त्या दिवशी."

"आणि मला अकरा सांगितलंस."

"तुम्हाला चार सांगितले असते, तर घरातून चारला निघाला असतात."

"आणि समजा, मी सरळच गेलो असतो?"

"तुम्ही? सरळ?" मंदाबाई म्हणाल्या आणि पुढे बसलेला पितांबर गाडी चालवता चालवता हलायला लागला.

बांभोरीचा पूल आला. खाली गिरणेची वाळू चांदण्यात पांढुरकी दिसत होती आणि दोन्ही गाढवं तिथेच होती. कोरड्या पायाने मिळालेलं टिकत नाही म्हणे. सरांनी वाळूकडे पाहिलं आणि काच वर केली.

"फोन राहिला चोपड्याला," काही वेळाने ते म्हणाले. "तो उशीखाली कसा गेला?"

"मी ठेवला."

"मुद्दाम?"

"उत्तर तुमच्याकडून हवं होतं त्यांना." मंदाबाईंनी पदर नीट केला. "आणि अक्काकडे मला परत जायचंच आहे. बरणी आणायची आहे."

यावर रागवावं की न रागवावं, हे ठरवायला सरांना काही साधन नव्हतं. त्यामुळे ते रागावले नाहीत. पिंप्राळ्याचे दिवे दिसू लागले तेव्हा त्यांनी बायकोकडे वळून, अगदी डोळे मिटून विचारावं तशा आवाजात विचारलं, "मग उद्या सकाळी जायचं का दुपारी?"

"सकाळी," मंदाबाई म्हणाल्या.

सरांनी मान डोलावली. सहा वेळा विचारावं लागलं नाही. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर पितांबरने हॉर्न वाजवला, आणि फाटक उघडायला सपना धावत आली.